धर्मांतर आधी शब्दांचे : मैलापूर, मदुरा आणि साष्टी

फादर टॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग मराठीच्या स्तुतीच्या मोजक्या ओव्यांभोवती घुटमळत राहिला आहे. रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी, वृक्ष असे दृष्टांत देऊन एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेला मानाचे पान दिले, ह्याचा आपणांस झालेला आनंद अद्याप ओसरलेला नाही. शालेय पुस्तकांपासून सभांच्या प्रास्ताविकांपर्यंत त्याच ओव्या फिरतात. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ एवढ्याशा प्रशस्तिपत्रावर ओळखला जावा, ही त्याची उपेक्षाच होय. आणि ती कृतज्ञतेपोटी झालेली असल्यामुळे सहसा ध्यानातही येत नाही. स्तुती करणाऱ्याचे परीक्षण करू नये, असा आपला शिष्टाचार आहे. समीक्षेला तो परवडत नाही.

म्हणून ह्या ग्रंथाकडे मी थोडे लांबून, मद्रासच्या मैलापुरातून पाहू इच्छितो. हे स्थळ लहरीने निवडलेले नाही. अपरिचित देशात आलेल्या कॅथलिक धर्मोपदेशकांनी तेथील भाषेशी जो व्यवहार केला, त्याचा एक आरंभ आणि एक शेवट ह्याच किनाऱ्यावर झाला आहे. मराठी वाचकाला मैलापूर बहुधा सर टी. माधवराव ह्यांच्यामुळे ठाऊक असते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथील दिवाणगिरी करून तंजावरच्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ अखेरीस येथेच राहिले आणि १८९१ मध्ये येथेच वारले. परंतु ह्या गावाला दोन तोंडे आहेत. एक कपालीश्वराच्या देवळाकडे, तर दुसरे समुद्राकडे, सान्थोमच्या चर्चकडे. येशूचा शिष्य थॉमस येथे मारला गेला अशी परंपरा आहे. तिच्या ओढीने पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे चर्च बांधले व वस्ती केली, आणि १६०६ मध्ये मैलापूर हे बिशपचे पीठ झाले. समुद्रकाठचे मूळ देऊळ त्याच पोर्तुगीज काळात नष्ट झाले आणि आजचे देऊळ आत सरकून उभे राहिले, असे सामान्यतः मानतात. अर्थात ह्या गावात ख्रिस्ती धर्म पाहुणा म्हणूनही आला आणि घरमालक होऊनही बसला. पुढील विवेचनात हा भेद पुन्हा पुन्हा लागणार आहे.

१५४५ मध्ये फ्रान्सिस झेवियर ह्या गावी सुमारे चार महिने राहिला आणि येथूनच त्याने पूर्वेकडे, मलाक्केला जाण्याचा निश्चय केला. मागे मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर कोळ्यांमध्ये त्याने जे काम केले होते, त्यातील एक लहानशी गोष्ट कोणत्याही अनुवादकाने विसरू नये अशी आहे. तुतिकोरीनच्या बाजूला थोडे पोर्तुगीज जाणणारी माणसे हाताशी धरून त्याने मुख्य प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या आणि हजारोंकडून म्हणवून घेतल्या. पुढे १५४४ मध्ये आपला सहकारी मान्सिल्यास ह्यास लिहिलेल्या पत्रात तो एक दुरुस्ती कळवितो. श्रद्धेच्या प्रतिज्ञेत ‘मी विश्वास ठेवतो’ ह्या जागी जो शब्द पडला होता, त्याचा तमिळमध्ये अर्थ होत होता ‘मला पाहिजे’! म्हणजे किनाऱ्यावरची गावेच्या गावे आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावर आपला विश्वास प्रकट करीत नसून त्याची मागणी करीत होती. ह्यावर हसणे सोपे आहे. वस्तुतः पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे म्हणून बाप्तिस्मा घेतलेल्या त्या लोकांच्या मनाशी हा चुकलेला शब्द अधिक प्रामाणिक नव्हता काय, असे मला कित्येकदा वाटते.

झेवियरची दुसरी चूक प्रसिद्धच आहे. १५४९ मध्ये जपानला पोहोचल्यावर त्याने देवासाठी ‘दाइनिची’ हे नाव स्वीकारले. ते बौद्धांच्या एका पंथातील महावैरोचनाचे नाव आहे, हे १५५१च्या सुमारास उमगताच त्याने तो शब्द टाकला आणि लॅटिन ‘देउस’ तसाच ठेवला. ह्या दोन प्रसंगांत धर्मोपदेशकाच्या भाषाव्यवहाराच्या दोन्ही वाटा दिसतात. तिथला शब्द घ्यावा, तर त्याच्या पोटात आधीचा देव बसलेला असतो; आपला शब्द ठेवावा, तर तो ऐकणाऱ्याच्या पोटात काहीच जात नाही.

ह्या कोंडीत ज्याने आपले सारे आयुष्य घातले, त्या रोबेर्तो दे नोबिलीचा शेवट मैलापुरात झाला. १५७७ मध्ये इटलीच्या उमराव कुळात जन्मलेला हा जेझुइट १६०५ मध्ये गोव्यास उतरला आणि पुढल्या वर्षी मदुरेस पोहोचला. मदुरा नायकांच्या राज्यात होती; पोर्तुगीजांची तोफ तेथवर जात नव्हती. गोन्साल्व्हू फर्नांदिश हा वयस्क पाद्री तेथे १५९५ पासून होता, आणि किनाऱ्यावरून आलेल्या ख्रिस्ती परवरांपलीकडे त्याच्या हाती काही लागले नव्हते. नोबिलीच्या लक्षात आले की दोष उपदेशात नसून प्रश्नातच आहे. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यास विचारले जाई, ‘तू परांगीच्या कुळात शिरतोस काय?’ परांगी म्हणजे आपला फिरंगी. ‘ख्रिस्ती होणे’ ह्याचे हे भाषांतर कोणा पंडिताने केलेले नव्हते. पोर्तुगीजांना मद्यमांस खाताना आणि जहाजांवरून दमदाटी करताना पाहून लोकांनीच ते केले होते, आणि पाद्र्यांनी ते निमूटपणे उचलले होते.

मराठीत ह्याच जागी ‘बाटणे’ हा शब्द बसला आहे. साष्टी-बारदेशातील किंवा वसईकडील मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे तो ‘बाटला’. आणि विहिरीत पाव टाकल्याने गाव बाटल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मोपदेशक आपल्या धर्माचे भाषांतर करतो तेव्हा श्रोताही स्वस्थ बसलेला नसतो, तोही त्याच्या कृतीचे भाषांतर करीत असतो. आणि बहुधा श्रोत्याचाच शब्द टिकतो.

नोबिलीने श्रोत्याचा शब्द पुसावयाचे ठरविले. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, मांस वर्ज्य केले, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, तत्त्वबोधकर असे नाव घेतले आणि शिवधर्म नावाच्या तेलुगू ब्राह्मणापाशी संस्कृतचे अध्ययन केले. आपण परांगी नसून रोममधील उच्च कुळात जन्मलेलो आहोत, असे ताडपत्रावर लिहून ते त्याने दारावर लावले. मॅक्स म्युलरने त्याला संस्कृत जाणणारा पहिला युरोपीय म्हटले आहे. (ज्या ‘एझूर्वेदम्’ नावाच्या बनावट वेदाने व्होल्तेअरला चकविले, तो नोबिलीच्या माथी फार दिवस मारला गेला, तो त्याचा नव्हे.) परंतु समीक्षकाच्या दृष्टीने वेषापेक्षा त्याचा कोश महत्त्वाचा. तोवर तमिळ ख्रिस्ती प्रार्थनांत पोर्तुगीज शब्द मोडतोड करून घातलेले असत. नोबिलीने ते काढले. चर्चसाठी ‘कोविल’, पाद्र्यासाठी ‘गुरु’, पवित्र ग्रंथासाठी ‘वेदम्’, मिस्सेसाठी ‘पूसै’ म्हणजे पूजा, ईश्वरी कृपेसाठी ‘अरुळ’, बाप्तिस्म्यासाठी ‘ज्ञानस्नानम्’, स्वर्गासाठी ‘मोक्षम्’ आणि देवासाठी ‘सर्वेश्वरन्’. ह्या निवडीत एक पक्की शिस्त आहे. शिव, विष्णू किंवा त्यांची धामे ह्यांना तो स्पर्श करीत नाही. ज्या शब्दाला विशिष्ट मूर्ती चिकटलेली नाही, असा पदार्थवाचक, शास्त्राच्या अंगणातला शब्द तो उचलतो. दाइनिचीचा फटका त्याने बसूच दिला नाही. तमिळ कॅथलिकांनी त्याचे पुष्कळसे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पूजेऐवजी ‘तिरुप्पलि’ आली असली, तरी कोविल आहेच.

ह्या शब्दांची किंमतही मोजली गेली, आणि ती नोबिलीने एकट्याने मोजलेली नाही. फर्नांदिशने तक्रार केली, गोव्यात परिषद भरली, आणि अखेर १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी जानवे, शेंडी, गंध, स्नान ह्यांना सामाजिक आचार म्हणून मोकळीक दिली. जात हा धर्म नसून केवळ लोकव्यवहार आहे, ह्या गृहीतावर ही मोकळीक उभी होती. हे गृहीत कितपत खरे होते हे दिसावयास फार काळ लागला नाही. ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतलेला पाद्री खालच्या मानलेल्या जातींत उघडपणे वावरू शकेना, म्हणून १६४० पासून त्यांच्यासाठी ‘पंडारस्वामी’ हा निराळा वर्ग निर्माण करावा लागला. एकाच ख्रिस्ताच्या दोन पंक्ती झाल्या. १७०४ मध्ये पाँडिचेरीस पोपच्या प्रतिनिधीने ह्या आचारांविरुद्ध हुकूम काढला आणि १७४४ मध्ये तो रोमहून कायम झाला. नोबिलीवर लिहिणारे पुष्कळसे लेखक त्याच्या सहिष्णुतेने भारावून जातात. मला त्याची सहिष्णुता अर्धीच दिसते. त्याने ‘गुरु’ हा शब्द घेतला तेव्हा त्या शब्दासमोर बसण्याचा अधिकार कोणाला होता, तेही त्याबरोबर आले. अनुवादात शब्द एकटा येत नाही, हे ह्या बुद्धिमान माणसाला कळले नसेल असे मानणे कठीण. कळून त्याने ते स्वीकारले, असेच म्हणावे लागते.

कैद आणि बदली पाहिल्यानंतर, दृष्टी जवळजवळ गेलेल्या अवस्थेत, नोबिली जाफन्याहून मैलापुरास आला. जुने ग्रंथ ऐकून त्यांत दुरुस्त्या सांगण्यात त्याचा काळ जाई. १६ जानेवारी १६५६ रोजी तो वारला. आपण परांगी नव्हे असे ज्याने दारावर लिहून लावले होते, त्याची अखेर परांगींच्याच गावी झाली.

आता गोव्याच्या साष्टीकडे वळू. तेथील सारे चित्र उलटे आहे. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला तेव्हा साष्टीतील देवळे पाडून बारा वर्षे झाली होती, आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होता. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने गावकारांना बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याची नोंद आहे. एकाच वर्षाच्या ह्या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. मला त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात.

येथे धर्मोपदेशकाला स्थानिक शब्दाची गरजच नव्हती. सत्ता मागे उभी असली की परका शब्द आपोआप रुजतो. गोव्याचा ख्रिस्ती आजही ‘इगर्जे’त जातो, ‘मीस’ ऐकतो, ‘पाद्री’ म्हणतो. वसईच्या मराठी कॅथलिकाची ‘मिस्सा’ आहे. मदुरेत जे शब्द नोबिलीला मागून घ्यावे लागले, ते गोव्यात मागण्याचे कारण पडले नाही. मग अशा भूमीत ओवीछंदातले पुराण का लिहिले गेले?

ह्याचे उत्तर स्टीफन्सने पुराणाच्या आरंभीच दिले आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. नवख्रिस्तीयांपैकी एक ब्राह्मण त्याला विचारतो की, पूर्वीची आमची पुराणे तुम्ही बंद केलीत. तर त्यांच्या जागी दुसरे काही पुराण आम्हांस का देत नाही? हा प्रश्न कवीने रचला असेल, ऐकलाही असेल. पण तो ग्रंथात राहू दिला ही मोठी गोष्ट आहे. ख्रिस्तपुराणाचा श्रोता हा केवळ अज्ञानी जीव नाही. त्याची पोथी काढून घेतलेली आहे, त्याला हे ठाऊक आहे, आणि तो भरपाई मागतो आहे. जेझुइटांनीच रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी-मराठी कथा पोर्तुगालातील ब्रागा येथे सापडल्या आहेत. ज्या हातांनी पोथ्या गेल्या त्याच हातांनी त्या वाचल्याही गेल्या, आणि स्टीफन्सची ओवी त्या वाचनातून आली आहे. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, ही चाल ज्ञानेश्वर-एकनाथांच्या कानांतून आलेली. एकनाथ १५९९ मध्ये समाधिस्थ झाले. पैठण आणि राशोल ह्यांच्यामध्ये कितीही डोंगर असले तरी हे दोघे एका काळात लिहीत होते.

शब्दनिवडीत स्टीफन्स नोबिलीपेक्षा बेशिस्त आहे, आणि माझ्या मते तेथेच तो कवी आहे. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण त्याने कोकणीत लिहिले आणि पुराण मराठीत. अर्थात कोणती भाषा घरात बोलतात आणि कोणती चौरंगावर ठेवतात, हे त्याने नेमके ओळखले होते. पुराणात ‘स्पिरितु सांतु’ तो तसाच ठेवतो. त्रैक्याच्या सिद्धांताला त्याने हात लावला नाही, तेथे पोर्तुगीज-लॅटिनचे कुंपण कायम आहे. परंतु स्वर्ग म्हणावयाची वेळ आली की तो सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. नोबिलीने हे कधीही केले नसते. वैकुंठ हे मोक्षासारखे तत्त्वपद नव्हे, ते विष्णूचे घर आहे. वारकऱ्याच्या तोंडी तर ते पंढरीच्या शेजारचे गाव आहे. तर्काच्या दृष्टीने ही दाइनिचीचीच चूक. मात्र झेवियरची चूक अज्ञानातून झाली होती, स्टीफन्सचे अज्ञान नव्हते. गद्यात त्या शब्दाला खुलासा लागला असता. हजारो ओव्यांच्या ओघात त्या शब्दाला नवा रहिवासी मिळतो आणि जुन्याची पावलेही पुसली जात नाहीत. ओवी ऐकणाऱ्या साष्टीकराच्या मनात त्या क्षणी काय येत असेल, ते कोणताही इन्क्विझिटर तपासू शकत नव्हता.

अर्थात स्टीफन्सला सत्तेच्या विरोधात उभा करणे हाही भाबडेपणाच ठरेल. मूर्तिपूजेची निंदा त्याच्या पुराणात भरपूर आहे, आणि ती निंदा ऐकणाऱ्यांना उठून जाण्याची सोय नव्हती. नोबिलीचा श्रोता वाद घालू शकत होता. आत्मनिर्णय आणि दूषणधिक्कार ही त्याच्या ग्रंथांची नावेच वादसभेतली आहेत. ख्रिस्तपुराणात ब्राह्मण प्रश्न विचारतात ते शिष्याचे, प्रतिवाद्याचे नव्हेत. हे न्यून केवळ नैतिक नाही, ते वाङ्मयीनही आहे. जेथे पाद्री शंकासमाधान करू लागतो तेथे ओवी सपाट होते. आणि जेथे कथा सांगतो, विशेषतः ख्रिस्ताच्या यातनांचा आणि मातेच्या शोकाचा भाग सांगतो, तेथे ती उभी राहते. प्रशस्तीच्या ओव्यांपेक्षा ही मातेची प्रकरणे पाठ्यपुस्तकांत घ्यावयास हवी होती.

तमिळमध्ये ख्रिस्तपुराणाला खरा जोडीदार नोबिलीनंतर शंभर वर्षांनी झाला. इटालियन जेझुइट बेस्की, म्हणजेच वीरमामुनिवर, ह्याने १७२६च्या सुमारास तेम्बावणी हे संत योसेफावरील महाकाव्य तमिळ काव्यशास्त्राच्या साऱ्या नियमांत रचले, कोश केला, व्याकरणे लिहिली, तिरुक्कुरळच्या दोन खंडांचे लॅटिन भाषांतर केले. (हाच कुरळ साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हाती घेतला आणि मराठीत आणला.) तमिळांनी बेस्कीला कवी म्हणून आपल्या परंपरेत घेतले. १९६८च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मैलापूरच्या उत्तरेस मरीनावर ज्या साहित्यिकांचे पुतळे उभारले गेले, त्यांत तो आहे. बेस्कीने तमिळची स्तुती केली म्हणून नव्हे, त्याने तमिळमध्ये लिहिले म्हणून. स्टीफन्सच्या नावाची संस्था आज गोव्यात आहे ती कोकणीसाठी. मराठीत त्याच्या वाट्याला एक उतारा आला.

ह्याला आपली उदासीनता जितकी कारण, तितकीच लिपी. १६०८ मध्ये स्टीफन्सने रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिले की, मलबारात जशी तिथल्या भाषेत व अक्षरांत पुस्तके छापली जातात तशी ह्या प्रांतातही छापली जावीत, अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे. अडचण खिळ्यांची होती: युरोपात चोवीस अक्षरे पुरतात, येथे जोडाक्षरे धरून सहाशे साचे पाडावे लागतील. त्या काळच्या पोर्तुगीज बोलण्यात मलबारीत तमिळही येत असे. कोल्लमला १५७८ मध्येच ‘तम्बिरान् वणक्कम्’ हे सोळा पानांचे पुस्तक तमिळ अक्षरांत निघाले होते. म्हणजे स्टीफन्सची नजरही ह्याच दिशेला, तमिळ किनाऱ्याकडेच लागलेली होती. साचे पाडले गेले नाहीत. १६१६ मध्ये राशोलला पुराण रोमन अक्षरांत छापले गेले, १६१९ मध्ये स्टीफन्स वारला, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि नंतर पुराण हस्तलिखितांतून आणि चर्चमधील वाचनांतून जगत राहिले. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी ते छापले, तेही रोमनमध्येच. स्टीफन्सने मागितलेल्या अक्षरांत समग्र पुराण छापून निघाले ते १९५६ मध्ये, पुण्यास, शांताराम बंडेलू ह्यांच्या हातून.